लांब कुरणाचं शिंग

रेव्हरंड हम्फ्री लाइल यांच्या विजारीला सायकलची चिमटी अजून तशीच होती. रविवारची प्रार्थना आटोपल्या आटोपल्या ते निघाले असावेत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि प्रास्ताविक न करता सांगितलं,

"मिस क्वेल, थ्रपवेलचं शिंग चोरीला गेलंय."

हेस्टर क्वेलने चहाची किटली खाली ठेवली. तिचा धाकटा भाऊ विल्फ्रेड मात्र खुर्चीतून अर्धा उठला.

"जोब टॅरंटचं शिंग? मग जोबकाका काय करत होते?"

"जोब परवा रात्री गेले. खुर्चीतच. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं होतं, त्यात काही काळंबेरं नाही. पण खुंटीवर शिंग नाही, आणि उद्या व्हिटसनच्या सणाचा सोमवार आहे."

विल्फ्रेड हळूच खाली बसला. उद्या म्हणजे काय हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. भावंडांची लहानपणची सगळी उन्हाळ्याची सुट्टी थ्रपवेलला आजोबांच्या गिरणीवर गेली होती. नदीकाठचं लांब कुरण गावाच्या मालकीचं, पण एका जुन्या अटीवर. दरवर्षी त्या सोमवारी, दुपारी बाराच्या आत, चर्चच्या मनोऱ्यावरून ते शिंग तीनदा फुंकलं गेलं पाहिजे. एका वर्षीही चुकलं, तर कुरण जहागिरीकडे जायचं.

"जहागीर आता एका कंपनीने घेतली आहे," रेव्हरंड म्हणाले. "कुरणाखाली खडी आहे म्हणे. त्यांना ते खणायचंय. त्यांचे मुखत्यार स्ट्रडविक आठवडाभर पबमध्ये मुक्काम ठोकून आहेत."

"म्हणजे चोर सापडलाच की," विल्फ्रेड म्हणाला.

"हवालदारांना तसं वाटत नाही. त्यांचा संशय जोबच्या पुतण्यावर आहे, डेनिसवर. त्याने मागच्या महिन्यात एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला होता शिंग दाखवायला. उद्या दुपारी त्याला चौकशीला घेऊन जाणार आहेत." रेव्हरंड टोपी फिरवत राहिले. "मी लीड्सचा माणूस. दोन वर्षं झाली इथं येऊन. माझ्या कारकिर्दीत कुरण गेलं, तर लोक मला काही बोलणार नाहीत. तेच सहन होणार नाही."

हेस्टर उठली. युद्धाच्या काळात तिने सरकारी प्रयोगशाळेत काम केलं होतं. तिथून तिला एक सवय लागली होती, जे दिसतंय ते आधी बघायचं, नाव नंतर द्यायचं. पुढे खासगी तपासाच्या धंद्यातही तीच कामी आली. विल्फ्रेड बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिची मोटार चालवत असे. तो बेरजेत पक्का आणि अनुमानात कच्चा होता.

"विल्फ, गाडी काढ," ती म्हणाली.

वाटेत कुंपणांवर हॉथॉर्न पांढराशुभ्र फुलला होता. पुलाचं वळण आलं तसा विल्फ्रेडने वेग कमी केला. लांब कुरण उन्हात पसरलं होतं, गवत घोट्याच्या वर आलं होतं.

"ताई, सोळा सालचं आठवतं? आपण दोघं इथंच उभे होतो. जोबकाका पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सला होते, म्हणून त्यांचे वडील वर चढले होते, म्हातारे सायलस."

"दम्याचे सायलस," हेस्टर म्हणाली.

"आणि तरी काय फुंकलं होतं! तिसरी हाक संपत आली, थरथरली, वाटलं गेली, आणि एकदम वर उचलली. जोबकाकांचं मी नंतर कितीदा ऐकलं. तशी हाक पुन्हा नाही ऐकली."

मागच्या सीटवरून रेव्हरंड म्हणाले, "गावातले म्हातारेही सोळा सालचीच गोष्ट काढतात."

जोबचं घर चर्चच्या मागे होतं. आत मेणाचा आणि धुराचा वास होता. चुलाण्याशेजारच्या खुंटीवर काही नव्हतं. खुंटीखालच्या फळीवर धूळ होती आणि धुळीत एक स्वच्छ गोल.

"तंबाखूचा डबा असेल," विल्फ्रेड म्हणाला.

"जोब तंबाखू ओढायचे?"

"ओढायचे नाहीत," रेव्हरंड म्हणाले. "तिथं ते मेणाची डबी ठेवायचे. शिंगाच्या तोंडाला लावायचं मेण. स्वतःच्याच पोळ्यांचं."

हेस्टरने खुर्ची पाहिली. लोकरी पांघरूण पाठीवर घडी करून ठेवलं होतं.

"डेनिसने त्यांना पाहिलं तेव्हा हे कुठं होतं?"

"पायांवर. कडा आत खोचलेल्या. लहान मुलाला झोपवतात तसं दिसत होतं."

मोरीशेजारी एक जाडा मग उपडा होता. त्याच्या बाजूला फुलांची नक्षी असलेला एक नाजूक कप आणि त्याची बशी. कपाटाच्या खणात युद्धातले खिडक्यांचे काळे पडदे घडी करून ठेवले होते. प्रत्येक घरात ते अजून असे पडून होतेच. वरच्या पडद्याची एक कड उभी फाडलेली होती.

"बाग बघू या," हेस्टर म्हणाली.

सफरचंदाच्या झाडांखाली मधमाश्यांच्या पेट्या होत्या. पाच पांढऱ्या, आणि जरा बाजूला, शेजारच्या मिस ऑमरींच्या कुंपणाला लागून, एक निळी. पांढऱ्या पेट्यांना काळ्या कापडाच्या फिती बांधल्या होत्या. माश्या आपल्या ये-जा करत होत्या.

"हे बघून मला भरून आलं," रेव्हरंड म्हणाले. "धनी गेला, किंवा धन्याच्या घरातलं माणूस गेलं, तर माश्यांना सांगायचं. घराच्या किल्लीने पेटीवर टकटक करायची, नाव घ्यायचं, फीत बांधायची. नाहीतर रागावून निघून जातात म्हणे. डेनिस वरवर शहरी वाटतो, पण त्याला हे सुचलं."

"तुम्ही शनिवारी सकाळी आलात तेव्हा फिती होत्या?"

"होत्या. डेनिस धावत मला बोलवायला आला, आम्ही चिखलातून पळत परत आलो. रात्रभर पाऊस होता, उजाडता थांबला. फाटकातून शिरतानाच मला फिती दिसल्या."

"त्यानंतर पाऊस?"

"थेंबही नाही."

विल्फ्रेड पेट्यांपासून सुरक्षित अंतर राखून उभा होता. "पेट्या रंगवायला झाल्यात. बघ ना, काळे ओघळ आलेत. आणि निळीला फीतच नाही."

"कापड पुरलं नसेल," रेव्हरंड म्हणाले.

"अख्खा पडदा शिल्लक आहे की आत."

हेस्टर वाकली आणि पांढऱ्या पेटीवरच्या एका ओघळावरून तिने बोट फिरवलं. मग बोटाकडे पाहिलं.

डेनिस टॅरंट पबच्या मागे आपल्या मोटारसायकलशेजारी बसला होता. हात तेलाने माखलेले, डोळे लाल.

"व्यापारी मीच आणला होता," तो म्हणाला. "लपवत नाही. गॅरेज टाकायचं होतं. काका काय म्हणाले माहितीये? म्हणाले, शिंग विकायचंय ना, आधी मला विक, मी त्याच्या आधीपासून खुंटीवर आहे. आणि हसले. त्यांनी हसायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं."

"तुला फुंकता येतं?"

"लहानपणी प्रयत्न केला होता. बदकासारखा आवाज आला. ते कुणालाही जमत नाही, मॅडम. वर्षं जातात."

"माश्यांच्या पेट्या किती आहेत काकांच्या?"

"सहा. का?"

"फिती तू बांधल्यास?"

"मी? माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो. दहा पावलांवर गेलो तरी चावतात. मला वाटलं पाद्रीसाहेबांच्या बायकोने बांधल्या."

स्ट्रडविक पबच्या अंगणात मटण भरलेली पेस्ट्री खात बसले होते. गोरे, गुबगुबीत, प्रसन्न गृहस्थ. त्यांनी हेस्टरला खुर्ची सरकवून दिली.

"मी कशाला चोरू, मिस क्वेल? जरा विचार करा. शिंग सापडलं तरी काय? ते फुंकणाऱ्याला आधीच्या शिंगवाल्याने स्वतःच्या हाताने दिलेलं लागतं, जिवंतपणी. फुंकणाऱ्याने मनोऱ्याखाली तशी शपथ घ्यायची. तुमचाच नियम आहे, मी नीट वाचून आलोय. म्हातारा कुणाला न देता गेला. तेव्हा शपथ घेणारा कोण? मला नुसतं बसून राहायचंय."

"आणि ही पेस्ट्री संपवायची," विल्फ्रेड म्हणाला.

"तीही." स्ट्रडविक हसले. "एक सांगा हो. त्या बागेत पेट्यांना काळ्या चिंध्या कशाला बांधल्यात? कीड लागू नये म्हणून?"

"तसंच काहीसं," हेस्टर म्हणाली.

मिस लेटिस ऑमरी जोबच्या शेजारी राहत. थ्रपवेलच्या दोन पिढ्यांना त्यांनी वाचायला शिकवलं होतं, आणि शाळेतून निवृत्त झाल्या तरी चर्चमधला ऑर्गन त्यांच्याकडेच होता. सगळं गाव त्यांना बाई म्हणत असे. सुट्टीत गिरणीवर येणाऱ्या क्वेल भावंडांनाही त्यांनी एका पावसाळी उन्हाळ्यात भूगोल शिकवला होता.

त्यांचं फाटक निळं होतं. कडीपाशी रंगाचे पोपडे आले होते.

"विल्फ्रेड क्वेल, पाय पुसून ये," बाई दारातूनच म्हणाल्या. तो पन्नाशीचा गृहस्थ निमूटपणे पाय पुसून आत गेला.

टेबलावर पाव, लोणी, शहाजिऱ्याचा केक आणि मधाची बरणी होती. विल्फ्रेडने पावावर मध घेतला आणि डोळे मिटले. "आजोबांच्या घरी असाच असायचा. बाई, हा कुठून विकत आणता?"

"मध विकत आणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

"पण तुमच्याकडे पेट्या कुठायत?"

"शेजार चांगला होता," बाई म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या. फुलांची नक्षी असलेला कप त्यांनी हेस्टरपुढे ठेवला. बशीवरही तीच नक्षी होती.

हेस्टरने कपाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "बाई, उद्या दुपारी डेनिसला घेऊन जाणार आहेत."

पाव कापणारी सुरी थांबली. "डेनिसला? कशासाठी?"

"शिंग चोरल्याबद्दल."

"पण त्या पोराने..." बाई थांबल्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि पावाचे कण बोटाने गोळा करत राहिल्या. "कुणी सांगितलं नाही मला."

"तुम्ही लग्न का नाही केलंत, बाई?" हेस्टरने विचारलं. विल्फ्रेडला ठसका लागला.

बाईंना मात्र राग आला नाही. "तेव्हा नियम होता. लग्न केलं की बाईमाणसाची शाळेतली नोकरी गेली. आणि घरात आई अंथरुणाला. पुढे नियम गेला, आईही गेली. तोवर आम्हाला सवय झाली होती."

आम्हाला, असं त्या म्हणाल्या. विल्फ्रेड केक खाण्यात गुंतला होता.

हेस्टर निघताना दारात थांबली. "उद्या अकराला सगळे जोबच्या बागेत जमणार आहेत. तुम्ही या. आणि तुमची ऑर्गनच्या वह्यांची पिशवी बरोबर आणा."

"बागेत ऑर्गन कुठाय?" विल्फ्रेडने विचारलं.

बाईंनी दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी बाग भरली. गावकरी कुंपणापर्यंत उभे होते. हवालदार डेनिसच्या बाजूला. स्ट्रडविक सफरचंदाच्या झाडाला टेकून, हातात घड्याळ. मिस ऑमरी सगळ्यांच्या मागे, दोन्ही हातांनी पिशवी धरून.

हेस्टरने आवाज चढवला नाही. लोकच गप्प झाले.

"आपण सगळे एक गोष्ट धरून चाललो. जोब गेले, शिंग नाहीसं झालं, म्हणजे चोर आला होता. पण या घरात जे दिसतं ते चोराशी जुळत नाही.

"आधी या फिती. रेव्हरंडना वाटलं डेनिसने बांधल्या. डेनिसला वाटलं रेव्हरंडच्या पत्नीने. डेनिस माश्यांजवळ जात नाही, आणि रेव्हरंड आले तेव्हा फिती बांधलेल्याच होत्या. माझ्या भावाच्या नजरेला काळे ओघळ पडले. त्याला वाटलं पेट्या मळल्यात. तो मळ नाही, रंग आहे. पडद्याच्या कापडाचा रंग पावसात उतरून पेटीवर ओघळलाय. पाऊस शनिवारी उजाडता थांबला, नंतर पडलाच नाही. म्हणजे पाऊस चालू असताना फिती पेट्यांवर होत्या."

"अरे!" रेव्हरंड म्हणाले.

"हो. डेनिसने दार उघडायच्या कितीतरी आधी माश्यांना कळलं होतं की त्यांचा धनी गेला. म्हणजे कुणीतरी तेव्हा इथं होतं. कापड घरातल्या खणातलं आहे, पडदा फाडलेला आहे. पायांवर पांघरूण खोचलेलं होतं. मोरीशेजारी जोबच्या मगाबरोबर एक बशीचा कप धुऊन ठेवला होता. जोब कुणासाठी बशी काढत होते? ते एकटे गेले नाहीत. कुणीतरी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ बसलं होतं."

"आणि मग शिंग घेऊन पसार झालं," स्ट्रडविक म्हणाले.

"तुम्ही नव्हतात, हे नक्की. तुम्ही मला विचारलंत की या चिंध्या कीड लागू नये म्हणून आहेत का."

कुंपणापाशी हशा पिकला. स्ट्रडविकांचे कान लाल झाले.

"शिंगाबरोबर आणखी एक वस्तू गेली. मेणाची डबी. विकायला नेणाऱ्याला मेणाचा काय उपयोग? शिंगाला चांदीची कडी आहेत, डबी पत्र्याची. डबी तोच घेतो ज्याला शिंग फुंकायचंय. किंवा ज्याला देणाऱ्याने सांगितलं, हीसुद्धा घे."

"देणाऱ्याने?" हवालदाराने विचारलं.

"शिंग चोरलेलं नाही. जोबने ते दिलं. स्वतःच्या हाताने, जिवंतपणी, नियमाप्रमाणे. त्यांना कळलं होतं की वेळ झाली."

"कुणाला दिलं?" चारपाच आवाज एकदम आले.

हेस्टर निळ्या पेटीकडे वळली. "पाच पेट्यांना फीत आहे, हिला नाही. कापड शिल्लक असताना नाही. डेनिस म्हणतो काकांच्या सहा पेट्या, सगळं गाव तेच म्हणेल. फिती बांधणाऱ्याला मात्र माहीत होतं की ही सहावी जोबची नाही. हिचा धनी वेगळा आणि जिवंत आहे, म्हणून हिला सांगायचं नव्हतं. ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक असणार. जोबला, आणि जिची ही पेटी आहे तिला."

ती थांबली. विल्फ्रेड वाट बघत राहिला. निळ्या पेटीकडे त्याचं लक्ष गेलं, मग कुंपणापलीकडे दिसणाऱ्या निळ्या फाटकाकडे, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"नाव मी सांगणार नाही," हेस्टर म्हणाली. "ते माझं नाही."

मग गर्दीत वाट झाली. मिस ऑमरी पुढे आल्या, पिशवी उघडली आणि शिंग बाहेर काढलं. चांदीची कडी घासून लख्ख केली होती.

"शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी खिडकीत दिवा ठेवला," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, फक्त जरा खाली. "आमची ती जुनी खूण होती. गेले, तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. मी सकाळी सांगायला हवं होतं. पण लोक विचारणार, बाई रात्री तिथं कशा? इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही, आणि त्या एका सकाळी माझी जीभच उचलेना. वाटलं, आज पहाटे शिंग चर्चमध्ये ठेवून द्यावं, कुणीतरी फुंकेल. काल ही पोरगी आली तेव्हा कळलं, तसं चालणार नाही. आणि डेनिस... मला माफ कर रे."

"बाई, असं काय," डेनिस पुटपुटला.

"क्षमा करा," स्ट्रडविक म्हणाले, "पण बाईमाणूस? आणि यांना फुंकता येतं याला पुरावा काय?"

मिस ऑमरींनी त्यांच्याकडे पाहिलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. "जोब लढाईवर होता, तेव्हाची चार वर्षं कोण फुंकत होतं, साहेब? सायलसना तर जिना चढला की बोलता येत नसे. ते मला बरोबर वर न्यायचे. खालून कुणाला दिसत नाही तिथं कोण उभं आहे ते. जोबने मला लढाईच्या आधीच शिकवलं होतं. इथंच, या झाडाखाली."

विल्फ्रेडने टोपी काढली. "सोळा साली," तो म्हणाला, "ते तुम्ही?"

"तू कुरणात उभा होतास. गुडघे चिखलाने भरलेले. मला वरून दिसत होतं."

स्ट्रडविकांनी तोंड उघडलं. रेव्हरंड लाइल त्याच्या आधी म्हणाले, "शपथ मनोऱ्याखाली घ्यायची असते. चला, अजून वेळ आहे."

मिस ऑमरींनी शपथ घेतली तेव्हा त्यांचा हात शिंगावर स्थिर होता. मग त्या एकट्या जिना चढल्या. जिना अरुंद आहे आणि त्या साठी ओलांडलेल्या. खाली लोक मान वर करून उभे राहिले. विल्फ्रेड मात्र भिंत ओलांडून कुरणात गेला, पुलाजवळच्या जुन्या जागी, आणि हेस्टर त्याच्या मागे.

पहिली हाक आखूड आणि घोगरी आली. दुसरी स्वच्छ. मग बराच वेळ काहीच नाही. विल्फ्रेडने बहिणीची बाही धरली.

तिसरी हाक गवतावरून पसरत नदीपर्यंत गेली. संपत आली, थरथरली, आता गेली असं वाटलं, आणि एकदम वर उचलली.

"तीच," विल्फ्रेड म्हणाला. "ताई, तीच."

हेस्टरने मान हलवली. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून ती दुसरीकडे बघत होती.

दुपारी निघण्यापूर्वी निरोप घ्यायला ती दोघं जोबच्या बागेतून गेली. डेनिस शेपटावर लाथ बसलेल्या मांजरासारखा सावध, पण पहिल्यांदाच पेट्यांच्या जवळ उभा होता. त्याच्या हातात फाटका काळा पडदा होता. मिस ऑमरींनी त्यातून एक फीत फाडून घेतली. मग त्यांनी जोबच्या घराची किल्ली खिशातून काढली आणि निळ्या पेटीवर हलकेच टकटक केली.

"बाई," विल्फ्रेड न राहवून म्हणाला, "पण ही तर तुमची. हिचा धनी जिवंत आहे."

मिस ऑमरी फीत बांधत होत्या. गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"घरातलं माणूस गेलं तरी सांगतात, विल्फ्रेड."